पाणी मारलेलं चित्र

भिंतीतलं मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी गिलावा केला. पहिली सहा नवऱ्याच्या हाताखाली आणि पुढची पंचवीस त्याच्या शेजारी उभी राहून. शेवटी शेवटी तर तोच माझ्या हाताखाली होता, पण आता तो नसताना हे बोलून काय उपयोग. काम संपलं की मी पेटता बल्ब भिंतीला लावून धरायची. कुठे जरा उंचवटा राहिला असेल तर त्या आडव्या उजेडात त्याची सावली पडते. माझ्या भिंतीवर सावली पडायची नाही. माशी बसली असेल तर तिची पडेल तेवढीच.

आता उजवा खांदा वर जात नाही. केस डाव्या हाताने विंचरते. गुडघ्यांचं तर बोलायलाच नको. सकाळी उठून उभं राहायचं म्हणजे आधी पलंगाच्या कडेवर बसून त्यांची मनधरणी करावी लागते.

घरात मी आणि थोरली, दोघीच. धाकटा लांब असतो, फोनवर तब्येत विचारतो आणि मी बोलायला लागले की त्याला कुणीतरी हाक मारतं. थोरली चव्वेचाळीस वर्षांची. लग्न केलं, मोडलं, परत आली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या लॅबमध्ये ती काम करते. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, दुसऱ्याचं तोंड कसं आहे त्या अंदाजाने. संध्याकाळी घरी येते तेव्हा बोटांना मेणाचा वास आणि डोळे तांबारलेले. आल्यावर चहा पिते आणि मागच्या खोलीत जाऊन चित्रं काढते. एवढं दमून आणखी दमायचं कशाला, हे मला कळत नसे.

चित्र म्हणजे मला वाटायचं कागद, ब्रश आणि पातळ रंग. हिचं तसं नाही. ही फळी घेते आणि त्यावर रंग लिंपते. दगडाची पांढरी पूड आणि गोंदासारखं काहीतरी चिकट एकत्र कालवायचं, त्यात रंग टाकायचा आणि वाकड्या मानेच्या सुरीने तो फळीवर चढवायचा. काही ठिकाणी एक बोट जाड, काही ठिकाणी दोन.

"हे काय थापतेयस?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं.

"रंग आहे, आई."

"एवढ्यात एक खोली रंगवून झाली असती."

"जाडच लावायचा असतो. हल्ली खूप जण अशीच चित्रं करतात. सुरीचा प्रत्येक फटकारा दिसला पाहिजे. त्याची सावली पडली पाहिजे."

"माझ्याकडच्या माणसाने थापीच्या खुणा ठेवल्या असत्या तर मी त्याला दुपारीच घरी पाठवला असता."

"म्हणूनच मी तुझ्याकडे कामाला लागले नाही."

तोंड आहे तिला. कुणावर गेलीय ते सांगायला नको.

यंदा तिने एक मोठं चित्र घेतलं. माझ्या उंचीचं. कपाटाचं जुनं दार होतं, ऑइलपेंट मारलेलं, तेच तिने फळी म्हणून धरलं. चित्रांची गॅलरी चालवणारी एक बाई आहे, चष्मा डोक्यावर ठेवते आणि पर्समध्ये शोधते. ती चार जणांचं प्रदर्शन भरवणार होती. तीन ठरले होते. चौथी जागा थोरलीला द्यायची की नाही, हे ती शनिवारी घरी येऊन मोठं चित्र बघून ठरवणार होती.

"ही शेवटची खेप," थोरली म्हणाली. "वीस वर्षं झाली, आई. हे नाही जमलं तर खोली रिकामी करून देते. तुझा पलंग आत टाकू, तिथे ऊन येतं."

हसत म्हणाली. पण हातातली चमचाभर साखर ती चहात दुसऱ्यांदा घालत होती. मी तेव्हाच समजले की ही खरं बोलतेय.

दार बघून मी तिला एकच सांगितलं होतं. "हे गुळगुळीत आहे. याला आधी टाचे मार."

"म्हणजे?"

"छोटे छोटे घाव. भिंत गुळगुळीत असली की माल धरत नाही, म्हणून आधी तिला खरवडून घ्यायची. त्या खाचांत माल बसतो."

"दाराला छिन्नी लावू? याला मी खालून चिकट हात दिलाय. धरेल."

बरं, म्हटलं. तुझं दार, तुझं चित्र.

रविवारी संध्याकाळी ते संपलं. ती खोलीतून बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत आत कुणी जायचं नाही. मीसुद्धा नाही. आत गेले की माझे हात शिवशिवतात, मग आणखी लावते आणि घाण करून ठेवते. नुसतं सुकू द्यायचं."

"मी कशाला जातेय तिथे?" मी म्हटलं.

सोमवारी मी आत गेले. खिडकी उघडी राहिली असेल म्हणून गेले, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खिडकी बंद होती. मी बघायला गेले होते.

दार भिंतीला टेकवून उभं केलेलं. सगळं राखाडी, पांढरट, मध्ये मध्ये मातकट. सुरीचे फटकारे वरून खाली, मग आडवे, मग परत वरून खाली. खालच्या बाजूला जरा काळपट ओल आल्यासारखी. झाड नाही, माणूस नाही. मला त्यात काही दिसलं नाही, पण माल बरा बसला होता. हे मी मान्य करते. हात सपाट चालवला नव्हता तिने, पण मनगट सैल होतं. ते शिकवून येत नाही.

मंगळवारी दुपारी परत गेले, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात भेगा. केसासारख्या बारीक, पण बऱ्याच.

आता माणसाने काय करावं? एकतीस वर्षं ज्या हातांनी भेग बघितली की आधी पाण्याची बादली उचलली, ते हात कुठे ठेवावेत? माल जाड आणि हवा गरम असली की वरचा थर आधी आखडतो आणि फाटतो. त्याला ओलावा द्यायचा, म्हणजे तो सावकाश घट्ट होतो. आम्ही याला पाणी मारणं म्हणतो. गिलावा झाला की दहा दिवस पाणी मारायचं, उन्हाळ्यात वरून ओली पोती टाकायची. पाणी मारायला कंटाळला त्याची भिंत वर्षभरात पोपडे टाकते.

आदल्या संध्याकाळी थोरली जेवता जेवता झोपली होती, हातात चमचा तसाच. लॅबमध्ये घाईचं काम होतं. तिला फोन करून तिचं डोकं कशाला उठवायचं, म्हटलं. आपण आहोत ना घरात.

इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा घेतला आणि भेगांवर मारला. मंगळवारी चार वेळा. संध्याकाळी टॉवेल भिजवून, पिळून, वरच्या कडेवरून सोडला. सकाळी तिने घर सोडलं की परत. डाव्या हाताने फवारा मारून मारून तो खांदाही भरून आला. म्हटलं, आता दोन्ही सारखे झाले.

बुधवारी भेगा मिटल्या. एकूण एक. मी खुर्ची ओढून चित्रासमोर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. अजून हातात आहे आपल्या, असं वाटलं. खूप दिवसांनी वाटलं.

गुरुवारी सकाळी चित्राला पोट आलं होतं.

भिंतीला पोट येणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. माल मागून सुटलेला असतो आणि पुढे फुगून उभा असतो. आज पडेल, उद्या पडेल, पण पडणार. मी बोट लावलं. बोट आत गेलं. लोण्यासारखं. हा माल पाण्याने घट्ट होणारा नव्हताच. सिमेंटला पाणी लागतं, याला पाणी नको होतं. एवढी साधी गोष्ट. मी टॉवेल उचलला, फवारा जागेवर नेऊन ठेवला, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

संध्याकाळी थोरलीने विचारलं, "जेवत का नाहीस?"

"पोटाचं काहीतरी झालंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

शुक्रवारी ती जरा लवकर आली. हात धुतले, पुसले, परत धुतले. मग खोलीचं दार उघडलं.

ओरडली नाही. मी स्वयंपाकघरात कान लावून बसले होते, काहीच आवाज आला नाही. शेवटी मीच गेले. चित्राचा वरचा निम्मा भाग सुटून पायथ्याशी ढीग होऊन पडला होता, त्याखालून ऑइलपेंटचं हिरवं दार चकचकीत दिसत होतं. थोरली ढिगासमोर उकिडवी बसली होती. माझे गुडघे धड असते तर मीही बसले असते.

"फळी गुळगुळीत होती," ती म्हणाली. "धरलंच नाही. तू सांगितलं होतंस टाचे मार म्हणून."

मी ढिगातला एक तुकडा पायाने बाजूला सरकवला.

"तुझंच खरं निघालं, आई."

चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचा नवरा मी पहिल्या दिवशी ओळखला होता, तेव्हा नाही म्हणाली. ते मोडलं, तेव्हाही नाही म्हणाली. लहानपणी ताप आला असताना खेळायला जाऊ नको म्हटलं होतं, गेली, आठवडाभर पडून राहिली, उठल्यावर म्हणाली की मला पाण्याने झालं. आता म्हणाली, तर अशी.

"उद्या सकाळी त्या बाईंना फोन करते, येऊ नका म्हणून," ती म्हणाली. "आणि हे रंग, सुऱ्या, सगळं इथल्या शाळेत देऊन टाकते. मुलं वापरतील."

मी स्वयंपाकघरात परत आले आणि चहाचं आधण ठेवलं. टाचे मारले नव्हते हे तर खरंच होतं. आज ना उद्या सुटलंच असतं. कदाचित. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. मी म्हातारी, मी का बोलू? तिने स्वतःच म्हटलंय, मी कुठे काही म्हटलं? पलंग आत जाईल, ऊन मिळेल, गुडघ्यांना बरं. तीही संध्याकाळी आल्यावर जरा आडवी पडेल. दोघींना विसावा. असं सगळं माझ्या बाजूने नीट लागत होतं, एक वीट वाकडी नव्हती.

चहा उकळून भांड्याबाहेर गेला.

मी परत खोलीत गेले तेव्हा ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुऱ्या भरत होती. एकेक पुसून, मूठ एका बाजूला करून. रडत असती तर मी गप्प बसू शकले असते. रडणाऱ्या माणसाचं उद्या काहीतरी होतं. ही नुसती आवरत होती.

मी रंगाच्या पालथ्या बादलीवर बसले.

"मी पाणी मारलं," मी म्हटलं.

"कशावर?"

"चित्रावर."

तिने सुरी पुसणं थांबवलं नाही. "कधी?"

"मंगळवारपासून. दिवसातून तीनदा. मंगळवारी चारदा. रात्रभर ओला टॉवेल टाकला होता."

आता थांबली. "का?"

"भेगा पडल्या होत्या."

"त्या मी पाडल्या होत्या," ती म्हणाली. अगदी हळू. "मुद्दाम. वरचा थर आधी सुकावा म्हणून रविवारी दिवसभर त्या कोपऱ्यावर पंखा लावला होता."

"मुद्दाम भेगा कोण पाडतं?"

"मी पाडते. आई, तुला एकदा विचारता आलं नाही? पाणी मारू का, एवढं? चार शब्दसुद्धा नाहीत."

"मला विचारायची सवय नाही."

"माहीत आहे."

तिने सुरी डब्यात टाकली. खणकन आवाज झाला, तेवढाच तिचा राग. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली, पाय लांब करून. आम्ही दोघी त्या ढिगाकडे बघत होतो.

"चित्रात काय होतं, ते तरी कधी विचारलंस?"

"काय होतं?"

"भिंत. पहिला हात मारलेली. तू मला वाळूच्या ढिगावर बसवायचीस, आणि मी दिवसभर तेच बघायचे. तू फटकारे मारायचीस, वरून खाली, आडवे, परत वरून खाली. मला ते फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी आलो की तू दुसरा हात मारून सगळं गुळगुळीत करून टाकायचीस. मला दर वेळी वाईट वाटायचं."

मला हे माहीत नव्हतं. वाळूवर ती खेळते असं मला वाटायचं.

"पहिला हात कुणाला दाखवायचा नसतो," मी म्हटलं.

"म्हणूनच तर."

"आणि माझ्या पहिल्या हातालासुद्धा कधी भेगा पडल्या नाहीत. लोकांना खोटं कशाला दाखवायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. हसली म्हणजे नाकातून हवा सोडली, खांदे खाली आले. "तुला आत्ताही हेच पडलंय."

"चुकलं माझं," मी म्हटलं. तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणायची ताकद नव्हती.

थोड्या वेळाने ती उठली, दाराजवळ गेली आणि जिथे माल शिल्लक होता त्या खालच्या भागावर नख मारून बघायला लागली.

"मंगळवारी कसं होतं? पाणी मारायच्या आधी?"

"चांगलं होतं."

"चांगलं म्हणजे काय? नीट सांग. दुसऱ्याचं काम बघायला गेलीस तर सांगतेस तसं."

"कडा घट्ट होत्या. दाबून बघितलं, हललं नाही. भेगांच्या आतही फळी दिसत नव्हती, म्हणजे खालचा हात धरून होता. सुटायचं काही लक्षण नव्हतं."

"गुळगुळीत दारावर?"

"गुळगुळीत दारावर."

"टाचे न मारता?"

"न मारता."

"मग तुझं खरं नव्हतं निघालं."

"नव्हतं," मी म्हटलं.

तुझंच खरं, हे मिळालेलं वाक्य माझ्याकडे एक रात्रसुद्धा राहिलं नाही. तिने डब्याला झाकण लावलं नाही, एवढं मी बघितलं आणि झोपायला गेले.

शनिवारी चष्मेवाली आली. थोरलीने फोन केलाच नव्हता. बाईंनी मागच्या खोलीत येऊन ते दार बघितलं, चष्मा डोक्यावरून खाली घेतला, परत वर केला.

"ओलावा लागला," थोरली म्हणाली.

"ओलावा कुठला," मी म्हटलं. "मी पाणी मारलं. गिलावा करायचे मी. हिचं काम पक्कं होतं, मी घालवलं." माझ्या पोरीचं काम कच्चं होतं असं मनात धरून त्या बाईने घरी जायला नको होतं. माझं नाव खराब झालं तर होऊ दे, आता मला कोण भिंत देणार आहे.

बाईंना हसावं की नको ते कळेना. त्यांनी भिंतीशी लावून ठेवलेली लहान चित्रं एकेक उचलून खिडकीशी नेली. दोन बाजूला काढली.

"मोठ्याशिवाय जागा देता येणार नाही मला," त्या म्हणाल्या. "प्रदर्शन साडेतीन आठवड्यांवर आहे. परत होईल?"

"एवढ्या जाडीचं आतपर्यंत सुकून उचलण्याजोगं व्हायलाच अडीच आठवडे जातात," थोरली म्हणाली. "काढायला उरतो एक. आणि माझं लॅबचं काम."

"मग?"

थोरलीने त्या उघड्या पडलेल्या फळीवरून हात फिरवला. चेहरा धुतला नव्हता तिने, केस तसेच बांधलेले, बोटांच्या पेरांत राखाडी रंग. मीही दुपारच्या सुट्टीत थापी धुताना अशीच दिसत असेन.

"करते," ती म्हणाली. "जमलं तर जमलं. झालं की येऊन ठरवा."

"ठरवते. शब्द देत नाही."

"नका देऊ."

बाई गेल्यावर तिने चहासुद्धा घेतला नाही. ढीग घमेल्यात भरून बाहेर टाकला आणि दार खरवडायला घेतलं. मी उंबऱ्यात उभी होते.

"आई, गिलाव्याचा एक हात जास्तीत जास्त किती जाड चढवायचा?"

"अर्धं बोट. त्यावर जाड हवं असेल तर आधीचा बसू द्यायचा."

"आणि याचा?"

तोंडात उत्तर तयार होतं. ते तिथेच ठेवलं.

"तुझ्या मालाचं मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान वर करून बघितलं आणि परत खरवडायला लागली.

सोमवारी ती लॅबमधून येताना कडी आणि कुलूप घेऊन आली. मागच्या खोलीच्या दाराला स्वतःच बसवलं, एक स्क्रू वाकडा गेला, मी काही बोलले नाही. किल्ली तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. माझ्या घरात, मी गिलावा केलेल्या खोलीला, मला बाहेर ठेवायला कुलूप. कुणी दुसऱ्याने लावलं असतं तर त्याच्या हातासकट काढलं असतं.

काल शेजारीण आली होती. ते कुलूप बघून तिला राहवेना. "आत काय एवढं ठेवलंय?"

"ओलं काम आहे," मी म्हटलं.